चालताना पोटरी भरून येते? पायाचं बीपी मोजून घ्या

ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो, उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत जातो, पुन्हा तेवढंच चाललं की परत येतो. घरात याला 'वात' म्हणतात. खरं तर पायाच्या रोहिण्या चरबीच्या थरांनी अरुंद झाल्याची ही खूण असू शकते. मणक्यामुळे पाय दुखत असेल तर नुसतं उभं राहून भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. डॉक्टरांना हा फरक आवर्जून सांगा.

तपासणी साधी आहे. पाच-दहा मिनिटं आडवं पडायचं. मग दोन्ही दंडांचं आणि दोन्ही घोट्यांचं वरचं बीपी डॉप्लरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राने मोजतात. प्रत्येक घोट्याजवळ दोन रोहिण्या तपासतात. त्यांतल्या मोठ्या आकड्याला दंडाच्या मोठ्या आकड्याने भागायचं. घोट्याला 98 आणि दंडाला 140 असेल, तर उत्तर 0.70. 1.00 ते 1.40 ठीक, 0.90 किंवा त्याखाली आजार. मधुमेहात मात्र हा आकडा फसवतो. रोहिण्या कॅल्शियमने कडक झाल्या की पट्ट्याने दबत नाहीत आणि आकडा 1.40 च्या वर जातो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगा. त्यातच नसा बधिर असल्या तर दुखतही नाही, थेट जखमच दिसते.

पायापेक्षा मोठा धोका हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा, कारण तेच थर इतर रोहिण्यांतही असतात. म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी पाय दुखायचा थांबला तरी मनाने बंद करू नये. विडी, सिगारेट पूर्ण सोडायची. 'दिवसाला दोनच' हा हिशोब इथे चालत नाही.

जखम नसेल आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर चालणं हेच औषध. बऱ्यापैकी दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं गेलं की पुन्हा चाला. असं 30 ते 45 मिनिटं, आठवड्यातून किमान तीनदा, निदान 12 आठवडे. लोक दुखायच्या आधीच थांबतात आणि फरक पडत नाही म्हणतात.

पाय गार पडतात म्हणून गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका. बधिर कातडी भाजते आणि ती जखम भरत नाही. रात्री पाय खाली सोडल्यावरच बरं वाटत असेल, तर आजार पुढे गेलाय, लगेच दाखवा. पाय अचानक पांढरा, गार, बधिर झाला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा: साधारण सहा तासांनंतर पाय वाचवणं अवघड होत जातं.