अभिलेखागारात जाण्याआधी

अभिलेखागार, म्हणजे जुनी कागदपत्रं जपून ठेवलेली जागा, बघायला जायचं ठरलं की आधी घरीच एक नेमका प्रश्न ठरवा. ‘गावाचा इतिहास’ फार मोठा होतो. ‘पूल होण्याआधी माणसं नदी कशी ओलांडायची?’ एवढं पुरे. संग्रहालयातल्यासारखं इथे काही मांडून ठेवलेलं नसतं; कागद आत कोठारात असतात आणि मागितल्याशिवाय बाहेर येत नाहीत. म्हणून माणसांची नावं, गावाची जुनी नावं, अंदाजे सालं टिपून घ्या आणि तिथल्या कागदांची सूची चाळा.

सूची चाळताना नवखा माणूस हमखास एका गोष्टीला अडतो. हे कागद विषयवार लावलेले नसतात. ज्या कचेरीत किंवा ज्या घराण्यात ते तयार झाले, त्यांच्या दप्तरात एकत्र राहतात. त्यामुळे पूल बांधकाम खात्यात सापडेल, पण त्याआधीच्या नावेचा ठेका कदाचित महसुलाच्या हिशेबात निघेल. ‘हे काम तेव्हा कोण बघत असेल?’ असा विचार केला की वाट सापडते. मला तर यातच खरी मजा वाटते. सापडलेला संदर्भ क्रमांक जसाच्या तसा उतरवून घ्या.

मग फोन करून वेळ, ओळखपत्र, फोटोची परवानगी आणि हवे ते कागद त्याच इमारतीत आहेत का, हे विचारा. चार-सहाजण जाणार असाल तर तेही सांगा, वाचनकक्षात जागा मोजक्या असतात. नुसतं पाहायचं असेल तर ९ जूनच्या आसपास चौकशी करा. १९४८ मध्ये याच तारखेला युनेस्कोच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषद स्थापन झाली, म्हणून तो अभिलेखागार दिन. त्या निमित्ताने अनेक ठिकाणी प्रदर्शनं भरतात.

पिशवीत पेन्सिल हवीच. पेन, पाणी, खाऊ बाहेर ठेवावं लागतं. मोबाइलचा फ्लॅश बंद करा आणि प्रत्येक फोटोत संदर्भ क्रमांकाची चिठ्ठी येऊ द्या, नाहीतर घरी गेल्यावर कुठला कागद कुठला ते कळत नाही.

हात धुऊन कोरडे करा, क्रीम लावू नका. जुन्या कागदाला सुती हातमोजे बहुधा नकोच. बोटांना स्पर्श नीट कळत नाही आणि कड फाटते. छायाचित्रांना मात्र मोजे लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, लाकडाच्या लगद्याचा कागद अनेकदा तपकिरी होऊन कोपऱ्यांना चुरतो. त्याहून जुना, चिंध्यांपासून केलेला कागद पुष्कळदा अजून लवचीक असतो. तेव्हा कमी जुना म्हणून बेफिकीर राहू नका. पान उलटताना खालून तळहाताचा आधार द्या आणि गठ्ठ्यातला क्रम मोडू नका.

मुलं सोबत असतील तर त्यांच्यासाठी नकाशे मागवा. आपलं घर शोधण्यात ती रमतात.

ज्या दप्तरात काहीच मिळालं नाही त्याचाही क्रमांक वहीत नोंदवा. आणि शेवटची मागणी लवकर द्या, कारण बंद व्हायच्या बऱ्याच आधी नव्या चिठ्ठ्या घेणं थांबतं.