अलॉय व्हीलच्या आतला काळा थर: शेवटी कोणते ब्रश कामी आले

लक्षण: कारच्या चाकाचे स्पोक समोरून स्वच्छ, पण रिमच्या आतल्या भिंतीवर तपकिरी-काळा थर. शाम्पूने धुतल्यावरही बोटाला खरखरीत लागतो. पुढच्या चाकांवर जास्त, कारण ब्रेकचा मोठा भार तिथे पडतो आणि डिस्क-पॅडची लोखंडी भुकटी गरम रिमवर घट्ट बसते.

कपड्यांच्या कडक नायलॉन ब्रशने लॅकरवर, म्हणजे रिमवरच्या पारदर्शक संरक्षक थरावर, बारीक ओरखडे आले. बाटलीच्या ब्रशची उघडी तार स्पोकला घासली. फरशीचं अ‍ॅसिड सुचवलं गेलं, पण ते लॅकर खातं, म्हणून हातही लावला नाही. तीन रविवार वाया गेले, फार वैताग आला.

मग तीन ब्रश घेतले: आतल्या भिंतीसाठी प्लास्टिक दांड्याचा लांब मायक्रोफायबर ब्रश, समोरच्या बाजूला मऊ केसांचा, नटच्या खाचांना बोटाएवढा गोल. निवडताना केस गालावर फिरवून पाहा. टोचला तर परत ठेवून द्या.

क्रम असा. आमच्या वडोदऱ्यात मे महिन्यात रिम तापलेलं असतं, म्हणून सकाळी सहाला, सावलीत, थंड चाकावर. एका वेळी एकच चाक. आधी पाण्याचा जोरदार फवारा. मग आयर्न रिमूव्हर (लोखंडी भुकटी विरघळवणारं द्रावण), हातमोजे घालून. दोन-तीन मिनिटांत जांभळा ओघळ दिसतो, तेच विरघळणारं लोखंड. वाळू देऊ नका. लांब ब्रश शाम्पूत बुडवून आतली भिंत, मग नटच्या खाचा, शेवटी समोरची बाजू. पाणी मारून लगेच पुसा. दांड्याच्या टोकाला रबर नसेल तर कापडी टेप गुंडाळा. हे ब्रश बॉडीला कधीही लावू नका.