४ डिसेंबर हाती घेऊन रॉक संगीताचे दिनविशेष कसे लिहावे

वृत्तपत्रातला दिनविशेषाचा चौकोन मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेला आहे. कोणाची जयंती, कोणाची पुण्यतिथी, कोणत्या साली काय घडले, हे सारे त्यात चार-सहा ओळींत आटोपते. रॉक संगीताचे असे दिनविशेष लिहिणारेही आता पुष्कळ झाले आहेत. परंतु बहुतेक ठिकाणी जन्ममृत्यूंची जंत्रीच वाचायला मिळते आणि त्या दिवशी नेमके काय झाले, हे वाचून संपल्यावरही कळत नाही. हे काम नीट कसे करावे, हे एकाच तारखेच्या आधाराने येथे सांगतो. त्यासाठी ४ डिसेंबर निवडला आहे, कारण १९५६, १९७१, १९७६, १९८० आणि १९९३ अशा पाच वर्षांतल्या पाच निरनिराळ्या जातीच्या घटना या तारखेला आहेत आणि प्रत्येकीत लिहिणाऱ्याची वेगळी कसोटी लागते.

तारखा गोळा करण्याआधी त्या वाचण्याची सवय करावी लागते. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, त्यामुळे तिथल्या एखाद्या जुन्या कागदावर १२/४/५६ असे दिसले, तर तो ४ डिसेंबर असतो. आपण मात्र सवयीने १२ एप्रिल वाचून मोकळे होतो. म्हणून टिपणवहीत महिना नेहमी अक्षरांत लिहावा आणि प्रत्येक नोंदीपुढे गाव, देश, स्थानिक वेळ व वार यांसाठी जागा सोडावी. वाराचा उपयोग वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे. अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झप्पा यांच्या निधनाचे कुटुंबीयांनी जे निवेदन दिले, त्यात शनिवारी संध्याकाळी सहाच्या जरा आधी, असा उल्लेख होता. १९९३चे कॅलेंडर उघडले की ४ डिसेंबरला शनिवारच येतो आणि तारखेला एक स्वतंत्र आधार मिळतो. झप्पा यांचे निधन लॉस एंजेलिस येथील त्यांच्या घरी, वयाच्या ५२व्या वर्षी, प्रोस्टेटच्या कर्करोगाने झाले. त्या क्षणी भारतात ५ डिसेंबरची सकाळ उजाडलेली होती आणि साडेसात वाजत आले होते. मग कोणती तारीख धरायची? घटना जिथे घडली तिथले घड्याळ प्रमाण मानावे, हा नियम एकदा ठरवून घ्यावा आणि कोणत्याही नोंदीसाठी तो मोडू नये. आज एक घड्याळ आणि उद्या दुसरे, असे झाले की सदरावरचा विश्वास उडतो.

यानंतर प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारावा: या दिवशी प्रत्यक्षात घडले काय? हा प्रश्न साधा दिसतो, पण त्याने भल्याभल्या नोंदी कोसळतात. ४ डिसेंबर १९८० रोजी ‘लेड झेपलिन विसर्जित झाला’ असे सर्रास लिहिले जाते. त्या दिवशी घडले ते एवढेच, की या ब्रिटिश रॉक बँडच्या नावाने एक छोटे निवेदन प्रसिद्ध झाले. ड्रमवादक जॉन बोनहॅम यांचा मृत्यू त्याआधी, २५ सप्टेंबर १९८० रोजी झाला होता, आणि ऑक्टोबरमध्ये ठरलेला उत्तर अमेरिकेचा दौरा बंद पडला होता. निवेदनात आशय असा होता, की आपला प्रिय मित्र गेल्यामुळे आम्ही पूर्वी होतो तसे यापुढे चालू राहू शकत नाही. ‘पूर्वी होतो तसे’ या शब्दांकडे नीट पाहावे. विसर्जन हा शब्द त्यात नाही. तो अर्थ लोकांनी काढला आणि तो बऱ्याच अंशी खराही ठरला, तरी १९८५च्या लाइव्ह एड या मदतनिधी मैफलीत आणि १० डिसेंबर २००७ रोजी लंडनमध्ये उरलेले तिघे पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले. म्हणून नोंदीत ‘निवेदन प्रसिद्ध केले’ असेच क्रियापद हवे. क्रियापद अचूक असले की अर्धी नोंद साधली असे समजावे.

नाव आणि घटना यांची तारीख एक नसते, हे अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या नोंदीत दिसते. मंगळवार, ४ डिसेंबर १९५६ रोजी निर्माते सॅम फिलिप्स यांच्या सन स्टुडिओत गायक कार्ल पर्किन्स यांचे ध्वनिमुद्रण चालू होते आणि पियानोवर साथीला जेरी ली लुईस हे तेव्हा फारसे कोणाला ठाऊक नसलेले तरुण बसले होते. एल्विस प्रेस्ली यांचा करार सन कंपनीने वर्षभरापूर्वीच आरसीए कंपनीला ३५,००० डॉलरना विकला होता. तरीही त्या दुपारी ते जुन्या जागी सहज डोकावले. गायक जॉनी कॅशही आले. मग भक्तिगीते, कंट्री गाणी, दुसऱ्यांच्या चाली असे जे आठवेल ते गाणे सुरू झाले आणि टेप चालू राहिला. फिलिप्स यांनी स्थानिक वृत्तपत्राला बोलावून घेतले, आणि ‘मिलियन डॉलर क्वार्टेट’ हे नाव दुसऱ्या दिवशीच्या त्या वृत्तपत्रातून आले. म्हणजे ४ डिसेंबरला या नावाचा कोणताही चमू अस्तित्वात नव्हता. पियानोशी बसलेले एल्विस आणि भोवती उभे असलेले तिघे हे छायाचित्र प्रसिद्ध आहे. पण उपलब्ध टेपवर कॅश यांचा आवाज ओळखू येत नाही, आणि आपण गायलो होतो असे कॅश स्वतः पुढे सांगत राहिले. अशा ठिकाणी निकाल देण्याची घाई करू नये. छायाचित्र काय दाखवते, टेप काय ऐकवतो आणि माणूस काय सांगतो, हे तीन वेगवेगळे पुरावे म्हणून लिहावेत. वाचकाला त्यातच अधिक गोडी वाटते.

काही नोंदी मात्र लहानच ठेवाव्यात. टॉमी बोलिन हे रिची ब्लॅकमोर यांच्यानंतर १९७५ साली डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडमध्ये आलेले गिटारवादक. १९७६मध्ये तो बँड थांबला आणि त्याच वर्षी ४ डिसेंबरला मायामीत, वयाच्या अवघ्या २५व्या वर्षी, अमली पदार्थांच्या अतिसेवनाने ते गेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी गिटारवादक जेफ बेक यांच्या मैफलीआधी वाजवले होते. एवढे पुरे आहे. अशा मृत्यूंचे तपशील उगाळण्याची सवय रॉकवर लिहिणाऱ्यांना फार लागते. त्याऐवजी वाचकाने त्यांची गिटार ऐकावी म्हणून ‘कम टेस्ट द बँड’ या अल्बमचे नाव द्यावे.

आता मुख्य नोंद. पाचही घटनांना समान जागा दिली तर एकही लक्षात राहत नाही, म्हणून एक निवडून तिच्याजवळ जाऊन पाहावे. माझी निवड १९७१ची आहे. डीप पर्पल हा बँड नव्या अल्बमसाठी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा सरोवराकाठच्या माँत्रो गावी आला होता. रोलिंग स्टोन्स या बँडच्या मालकीचा, गाडीत बसवलेला फिरता स्टुडिओ त्यांनी भाड्याने घेतला होता आणि गावातला कॅसिनो हिवाळ्यासाठी बंद झाला की तिथेच मुद्रण करायचे ठरले होते. बंद होण्यापूर्वीचा शेवटचा कार्यक्रम फ्रँक झप्पा आणि त्यांच्या मदर्स ऑफ इन्व्हेन्शन या बँडचा होता. तो रंगात आला असताना प्रेक्षकांतल्या कोणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा जळता गोळा उडवणारे पिस्तूल) छताकडे झाडली आणि छताने पेट घेतला. त्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे; त्यात झप्पा लोकांना शांतपणे दाराकडे निघायला सांगताना ऐकू येतात. माँत्रो जॅझ महोत्सवाचे संस्थापक क्लॉड नोब्स यांनी आत अडकलेल्या मुलांना बाहेर काढले. कॅसिनो भस्मसात झाला, झप्पा यांच्या बँडची वाद्ये गेली, पण प्राण कोणाचेही गेले नाहीत. सरोवरावर पसरत गेलेला धूर डीप पर्पलचे वादक जवळच्या हॉटेलातून पाहत होते, आणि पुढे एके सकाळी बास गिटारवादक रॉजर ग्लोव्हर जागे झाले ते ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे शब्द ओठांवर घेऊनच.

आपल्याकडे हीच तारीख नौदल दिन म्हणून ओळखली जाते, कारण १९७१च्या त्याच रात्री भारतीय नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला चढवला होता. मराठी वाचकासाठी लिहिताना हे एक वाक्य जरूर यावे. त्याने ती रात्र आपल्या कॅलेंडरात नेमकी कुठे बसते, ते चटकन कळते.

इथे सर्वांत नेहमीची चूक टाळायची आहे. ‘४ डिसेंबर १९७१ रोजी स्मोक ऑन द वॉटर तयार झाले’, असे लिहू नये. त्या दिवशी झाली ती आग. बँडने नंतर पॅव्हिलियन नावाच्या नाट्यगृहात मूळ वाद्यसंगीत मुद्रित केले, तेव्हा आवाजाने झोपमोड झालेल्या शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावले. उरलेले काम हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या ओसाड मार्गिकांत झाले. ‘मशीन हेड’ हा अल्बम मार्च १९७२मध्ये आला आणि हे गाणे अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले ते १९७३ साली. आग, मुद्रण, प्रकाशन आणि यश या चार तारखा वेगवेगळ्या आहेत. नोंद आगीची असेल तर बाकीच्या तिच्या मागून याव्यात.

जिथे शक्य असेल तिथे संगीत वाचकाच्या बोटांपर्यंत आणावे. या गाण्याची सुरुवातीची सुरावट पुण्या-मुंबईत गिटार शिकणारे कित्येक जण पहिल्या महिन्यातच वाजवू लागतात. चौथी आणि तिसरी तार एकदम छेडायची: खुल्या तारा, तिसरा फ्रेट (गिटारच्या दांड्यावरची आडवी पट्टी), पाचवा, पुन्हा खुल्या, तिसरा, सहावा, पाचवा, मग खुल्या, तिसरा, पाचवा, तिसरा आणि परत खुल्या. ब्लॅकमोर ती पिकने न छेडता बोटांनी दोन्ही तारा एकाच वेळी उचलून वाजवतात, म्हणून त्यांचा स्वर अधिक टणक आणि स्वच्छ उमटतो.

शेवटी मोह आवरण्याची गोष्ट. झप्पा यांच्या मैफलीत आग लागली ती ४ डिसेंबरला आणि बावीस वर्षांनी ते गेले तेही ४ डिसेंबरलाच. आगीने बेघर झालेल्या डीप पर्पलचे पुढचे गिटारवादक बोलिन हेही त्याच तारखेला गेले. हे वाचून अंगावर काटा येतो, हे खरे आहे, पण नियती, शाप, योगायोगांची साखळी असे शब्द वापरू नयेत. त्यांतल्या एकाही घटनेने दुसरी घडवलेली नाही. दोन नोंदी एकाखाली एक ठेवाव्यात, वाचक जोडायचे ते जोडून घेईल. झप्पा यांच्यावर त्या आठवड्यात दुसरे संकट आले ते १० डिसेंबरला, लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये एका प्रेक्षकाने त्यांना रंगमंचावरून खाली ढकलले तेव्हा. ते १० तारखेच्या पानासाठी राखून ठेवावे.

या सगळ्यानंतर मुख्य नोंद साधारण अशी उतरते: ‘१९७१ : स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे फ्रँक झप्पा यांच्या कार्यक्रमात एका प्रेक्षकाने फ्लेअर गन झाडल्याने कॅसिनो जळून खाक झाला, जीवितहानी झाली नाही. तिथेच अल्बम मुद्रित करण्यासाठी आलेल्या डीप पर्पलने या आगीवर रचलेले ‘स्मोक ऑन द वॉटर’ पुढील वर्षी ‘मशीन हेड’मध्ये प्रसिद्ध झाले. कॅसिनोची नवी इमारत १९७५मध्ये उभी राहिली.’