रेल्वे लाइन्समधल्या जुन्या बंगल्याची कुळकथा कशी शोधावी

फाटकावर ‘ब्रिटिशकालीन’ पाटी असली की सोलापुरात कुणी पुढं विचारत नाही. पण रेल्वे लाइन्सच्या या पट्ट्यात एकाच कंपाउंडात तीन काळांची बांधकामं सापडतात. १८६० मध्ये रेल्वे आली, साहेब लोकांचे बंगले उभे राहिले. १८७७ मध्ये ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी निघाली आणि पैसेवाले गृहस्थही पेठा सोडून मोकळ्या जागेकडं वळू लागले.

सुरुवात आजच्या कागदापासून करा आणि मागं मागं जा. सगळ्यात जास्त घोळ नंबरांचा होतो. पत्त्यातला नंबर हा बहुतेक वेळा महापालिकेचा घर क्रमांक असतो. सिटी सर्व्हे नंबर वेगळा, नगररचना योजनेतला अंतिम भूखंड क्रमांक आणखी वेगळा. घर क्रमांक टाकून नगर भूमापन कार्यालयात अर्ज दिला, तर भलत्याच मिळकतीची नक्कल हातात येते. म्हणून आधी कर आकारणीचा उतारा घ्या, चालू नकाशावर जागा ओळखा, सिटी सर्व्हे नंबर पक्का करा, मगच मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मागा.

पत्रिकेत वरचा ‘सत्ताप्रकार’, म्हणजे जमीन कुठल्या हक्कानं धारण केली आहे ते, आधी बघा. ‘बी’ असेल तर जमीन सरकारी भाडेपट्ट्याची. तिथं बंगल्याचा मालक आणि जमिनीचा मालक एक नसतो, आणि पट्ट्याचं मूळ प्रकरण महसूल खात्याकडं शोधावं लागतं. खाली तारीख, व्यवहार, नवीन धारक, साक्षांकन असे रकाने असतात. प्रत्येक खरेदीची तारीख टिपून घ्या आणि दुय्यम निबंधकाकडं सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्तांची मिळकतवार यादी, ‘इंडेक्स टू’) त्या सालाची शोधा. जुने दस्त ऑनलाइन मिळतीलच असं नाही. वारस नोंदीला मात्र नोंदणीकृत दस्त असेलच असं नाही, तिथं मालकीची साखळी तुटली म्हणून घाबरू नका.

कागद जमिनीचं वय सांगतो, घराचं नाही. त्यासाठी छपराखाली जा. मंगलोरी कौल उलटं केलं की कारखान्याचा शिक्का दिसतो. मंगळुरात हा धंदा १८६५ मध्ये सुरू झाला, त्यामुळं त्याआधीचं कौल असूच शकत नाही. पण कौलं बदलली जातात. एकावर भिस्त नको, निरनिराळ्या कोपऱ्यांतली चार-पाच तपासा. भिंत चुन्यातली की सिमेंटची, हे गिलावा उडालेल्या जागी नखानं खरवडून कळतं, फक्त नंतरची डागडुजी पकडू नका.

होटगी रोड, विजापूर रोडकडच्या नव्या सोसायट्यांना ही वाट लागू नाही. १९९२ च्या हद्दवाढीआधी त्यातला बराच भाग गावांत होता. तिथं जुना सातबारा, फेरफार, बिगरशेती आदेश आणि मंजूर ले-आउट, याच क्रमानं जा. ले-आउटवरची मोकळी जागा आजही मोकळी आहे का, ते नकाशा हातात धरून प्रत्यक्ष चालून बघा.