क्रॉपी धरायला निघण्याआधीची तयारी

टेक्ससच्या तळ्यांत क्रॉपी (गोड्या पाण्यातला एक मासा) काठाशी येते ती वसंतात, पाणी ६० ते ६५ अंश फॅरनहाइटपर्यंत तापलं की. त्याआधी मासेमारीच्या लायसनची मुदत बघून ठेवा. वय १७ किंवा जास्त असेल तर ते लागतंच. राज्य उद्यानाच्या आत काठावरून गळ टाकणार असाल तर लागत नाही. मोजपट्टी हवीच. बहुतेक तलावांत १० इंचांखालची क्रॉपी सोडावी लागते आणि माणशी दिवसाला २५ची मर्यादा असते. काही तलावांचे नियम वेगळे आहेत, ते निघण्यापूर्वी वाचा.

या माशाचे ओठ कागदासारखे पातळ, म्हणून सगळं सामान हलकं घ्या. जाड तंगूस (गळाची नायलॉन दोरी) आणि जोराचा हिसका, यातच मासे जातात. रॉड साडेसहा-सात फुटी, शेंडा लवचीक. तंगूस ४ ते ६ पौंडी. गळ ४ किंवा ६ नंबरचा, बारीक तारेचा. बुडालेल्या फांदीत अडकला तर बारीक तार सावकाश ओढल्यावर सरळ होऊन सुटते. पकडीने वाकवून पुन्हा वापरता येते. फांद्यांतच क्रॉपी असते, तेव्हा डझनभर गळ जास्तीचे ठेवा.

सरकता तरंडा (तंगुसावर सरकणारा, पाण्यावर तरंगणारा फ्लोट) घरीच ओवून पाहा: आधी अडसराची गाठ, मग मणी, तरंडा, शिसं आणि शेवटी गळ. मणी विसरलात तर गाठ तरंड्यातून निसटते आणि आमिष तळाला जातं. क्रॉपी वर बघून खाते. आमिष तिच्या खाली गेलं तर ती फिरकतसुद्धा नाही. काठाशी दोन फुटांपासून सुरुवात करा, पंधरा मिनिटांत हालचाल नाही तर खोली बदला, मग जागा.

जिवंत मिनो (आमिषाचे बारीक मासे) दोन-तीन डझन पुरतात. बादलीत नळाचं पाणी घालू नका, क्लोरीनने मरतात. हवेच्या पंपाला नवे सेल घाला, ऊन असेल तर बर्फाची बंद बाटली पाण्यात सोडा. मिनो संपले तर १/१६ आणि १/३२ औंसाचे जिग (शिशाच्या डोक्याचे नकली आमिषाचे गळ) हाताशी असावेत, वाऱ्यासाठी १/८चे. गढूळ पाण्यात पोपटी रंग चालतो.

लांब दांड्याची जाळी घ्या, तंगुसाने उचललेल्या माशाचा ओठ फाटतो. शीतपेटीत भरपूर बर्फ. मासे मात्र बोटीवर कापू नका, काठावर उतरेपर्यंत डोकं-शेपूट शाबूत राहिलं पाहिजे. उरलेले मिनो तळ्यात ओतू नका.