क्रिमिनॉलॉजीत एलएलएम करताय? आधी रिमांड बघून या

एलएलएमला (कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासाला) क्रिमिनल लॉ घेतलेली मुलं पहिल्याच महिन्यात लोम्ब्रोझो, डुर्खाइम असे गुन्ह्यांवर लिहिणारे विचारवंत पाठ करतात आणि डेझर्टेशनला म्हणजे प्रबंधाला विषय देतात, 'भारतीय न्यायव्यवस्थेतील निष्पक्षता'. अहो एवढ्यात चार पीएचडी बसतील! मी ठाण्यातच राहून एलएलएम केलं, माझं म्हणणं इतकंच की विषय ठरवायच्या आधी कोर्टनाक्याला नाहीतर बेलापूरला जाऊन रिमांडच्या वेळी, म्हणजे अटक केलेल्याला कोठडीसाठी मॅजिस्ट्रेटपुढे आणतात तेव्हा, मागच्या बाकावर गप्प बसा, मोबाईल सायलेंटवर.

तिथे काय दिसतं तर मॅजिस्ट्रेट आरोपीला विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, आणि आरोपी मान हलवतो, नाही. पण त्याचा हात अजून हवालदाराच्या हातात असतो! 'काही तक्रार नाही' असं कागदावर येतं, झालं. डी. के. बसू प्रकरणातल्या सुप्रीम कोर्टाच्या 1996 च्या निकालातली अटकेची मार्गदर्शक तत्त्वं मी परीक्षेला घोकली होती, कळली ती इथे.

दुसरं म्हणजे जामीन. जामीन मंजूर होतो पण माणूस आतच, कारण जामीनदार कुठून आणायचा? नाक्यावरचा बिगारी, गाव परभणीकडे, इथे रेशनकार्ड नाही. 1978 चं मोतीराम प्रकरण नक्की वाचा, गवंड्याला 10,000 चा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला, न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यावर चांगलंच झापलंय. एनसीआरबीच्या (केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या) 2022 च्या आकड्यांत दर चार कैद्यांत तीन कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून संपलेला नाही असे, आहेत, त्याचं एक कारण हे.

सीआरपीसीच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) नोट्स रद्दीत टाकू नका, पण 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आहे, कलमांचे आकडे बदललेत. तिचं कलम 479 आधी वाचा: पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बॉण्डवर सोडायचं, बाकीच्यांना निम्मा (अपवाद आहेत, फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना नाही, अनेक केसेस असतील तरी नाही). यातूनच विषय निघतो बघा, एक कलम, एक जिल्हा, बास.

ई-कोर्ट्सवर ऑर्डरी फुकट मिळतात, तिथून सुरू करा, रोजनाम्याची (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीची) नक्कल लागली तर अर्ज करा आणि धीर धरा. पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या केसेसचं) कामकाज इन-कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड चालतं, तिथे आत घुसायचा हट्ट नको, आणि डेझर्टेशनमध्ये आरोपींची खरी नावं टाकू नका, सुटलेल्या माणसालाही पुढे नोकरी शोधायची असते.