सी-फेसिंग रूममधून सुरूची झाडंच दिसली तर काय करायचं

मालवणजवळच्या देवबागच्या जाहिरातीत 'आयलंड रिसॉर्ट' दिसलं तर आधी मॅप उघडा, कारण देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी नि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी चिंचोळी पट्टी आहे, सुंदरच आहे पण बेट नाहीये. आता पोचलात आणि रूममधून नुसती सुरूची झाडं नि जनरेटर दिसतोय, तर बॅगा उघडूच नका. आधी व्हिडिओ काढा, एसी, गिझर, नळ सगळं, मग बुकिंगचा स्क्रीनशॉट दाखवून रूम बदलून मागा. रिसेप्शनवरच्या पोरावर ओरडू नका हो, त्याच्या हातात काही नसतं, मॅनेजरला गाठा आणि बोलणं झालं की तेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, लेखी पाहिजे. नाहीच ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, शिवाय ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, भरलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी पण नाही. पावसाळ्यात बोटिंग बंद असतं, त्यावरून मात्र भांडू नका. आणि बुफे बेचव असेल तर सरळ मालवणात एखादी घरगुती खानावळ गाठा, सुरमई थाळी नि सोलकढी मागवा.